'उल्त्रामरीनुस्' : एका सामासिक लॅटिन विशेषणाची घडण व विभक्तिरूपें

(१) मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें शोधणाऱ्यास पोर्तुगीज दफ्तरांकडे वळल्यावांचून गत्यंतर नाहीं, हें आतां सर्वमान्य झालें आहे. वसई, चौल, साष्टी, बारदेश या टापूंतील घडामोडींची एक बाजू आपल्या मोडी कागदांत सांपडते. दुसरी पणजी व लिस्बन येथील दफ्तरांत आहे. हे कागद व त्यांच्या याद्या चाळतांना एक विशेषण पावलोपावलीं भेटतें, तें म्हणजे 'उल्त्रामारिनु'. राजास सल्ला देणारें मंडळ 'कोंसेल्यु उल्त्रामारिनु', गोव्यांत नोटा काढणारी पेढी 'बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु', लिस्बनचें दफ्तरखानें 'आर्किवु इश्तोरिकु उल्त्रामारिनु'. कोशांत पाहावें तर 'समुद्रापलीकडील' एवढा अर्थ मिळतो आणि वाचक पुढें जातो.

आमच्या मतें येथें थोडें थांबणें अवश्य आहे. हें विशेषण मूळचें लॅटिन असून सामासिक आहे. तें कसें घडलें व कसें चालतें हें नीट पाहिल्यास, तें ज्या कागदांत येतें ते कागद कोणत्या तीरावर बसून लिहिले गेले याचा उलगडा होतो. तें न पाहिल्यास दोन चुका होण्याचा संभव आहे. 'मारिनु' कानावर पडतांच आरमाराचा वाचक जो 'मारिञ' शब्द त्याची आठवण होऊन 'आरमारी' असा अर्थ करण्याचा मोह होतो. आणि 'उल्त्रा' हा अवयव हल्लीं 'अति' या अर्थानें सर्वत्र रूढ असल्यामुळें तोच अर्थ येथें लावला जातो. या दोन्ही चुका व्याकरणानें टळतात. म्हणून प्रथम व्याकरण व नंतर इतिहास, असा क्रम आम्हीं ठेविला आहे.

(२) घडण. लॅटिन भाषेंत 'मरे' म्हणजे समुद्र. हा शब्द नपुंसकलिंगी असून त्याचें प्रातिपदिक 'मरि' असें इकारान्त आहे. 'उल्त्रा' हें अव्यय असून त्याचा अर्थ 'पलीकडे'. त्याच्या योगें नामाची द्वितीया होते. 'उल्त्रा मरे' म्हणजे 'समुद्राच्या पलीकडे'. येथें 'मरे' हें रूप प्रथमेसारखें दिसतें खरें, परंतु तें द्वितीयेचें आहे. संस्कृताप्रमाणें लॅटिनमध्येंहि नपुंसकलिंगीं या दोन विभक्तींचीं रूपें सारखींच असतात. या दोन शब्दांस 'ईनुस्' हा तद्धित प्रत्यय लागून 'उल्त्रामरीनुस्' हें विशेषण सिद्ध होतें. प्रत्ययांतील ईकार दीर्घ आहे व लॅटिनच्या नियमाप्रमाणें आघात त्यावरच पडतो. मधलीं शतकें उलटून गेलीं तरी आजच्या पोर्तुगीज उच्चारांत आघाताची जागा तीच राहिली आहे.

आतां प्रश्न असा कीं, या शब्दाचा विग्रह कसा करावयाचा? 'मरीनुस्' म्हणजे 'समुद्री' हें विशेषण लॅटिनमध्यें स्वतंत्रपणें आहेच. मग त्यामागें 'उल्त्रा' जोडून हा शब्द झाला, कीं 'उल्त्रा मरे' ही जोडी आधीं बनून तिला प्रत्यय लागला? दिसावयास दोन्ही सारखेंच दिसतें. अर्थ मात्र बदलतो. पहिला विग्रह घेतल्यास 'पलीकडील समुद्री पदार्थ' किंवा 'समुद्रीपणा ज्यांत अधिक तें' असें कांहींसें निघेल. दुसरा घेतल्यास 'समुद्रापलीकडे जें आहे तें' हा अर्थ निघतो, आणि तोच सर्वत्र लागू पडतो. समुद्रापलीकडून आलेल्या वस्तूंत समुद्राचें कांहींएक नसतें. समुद्र हा केवळ मध्यें ओलांडावयाचा असतो. पुढें ज्या रंगाचा उल्लेख येणार आहे तो रंग समुद्रापासून शेंकडों कोस दूर असलेल्या डोंगराच्या खाणींतला आहे. त्याला 'समुद्री' कोण म्हणेल?

आपल्याकडील वाचकांस हा क्रम नवा वाटूं नये. 'पारलौकिक' हा शब्द घ्या. 'लौकिक' शब्दामागें 'पर' जोडून तो झालेला नाहीं. 'परलोक' हा समास आधीं झाला व मग त्यास तद्धित लागला. 'पारलौकिक' म्हणजे 'फार लौकिक' असें कोणी समजत नाहीं. तसेंच 'पारेगङ्गम्' या अव्ययीभावाचें उदाहरण वैयाकरणांच्या परिचयाचें आहे. अशा समासास संबंधवाचक प्रत्यय लावून विशेषण केलें असतां जें होईल, तेंच 'उल्त्रामरीनुस्' या शब्दांत झालें आहे. लॅटिनमध्यें अशीं विशेषणें पुष्कळ आहेत : आल्प्सपलीकडील तें 'त्रान्साल्पीनुस्', पो नदीपलीकडील तें 'त्रान्स्पादानुस्', टायबरपलीकडील तें 'त्रान्स्तिबेरीनुस्', नगरालगतचें तें 'सुबुर्बानुस्'. या सर्वांत अव्यय व नाम यांची जोडी आधीं व प्रत्यय मागाहून, असाच क्रम आहे.

'ईनुस्' व आपला 'ईन' (कुलीन, ग्रामीण, पारीण) यांचें नादसाम्य कोणाच्याहि लक्षांत येईल. दोहोंचें कार्यहि जवळजवळ एकच आहे. तथापि केवळ एवढ्यावरून दोन्ही प्रत्यय एकाच मूळ प्रत्ययाचे वंशज आहेत असें विधान करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. संस्कृतांतील 'ईन' प्रत्ययाच्या वाढीस 'प्राचीन', 'प्रतीचीन' यांसारखे दिशावाचक शब्द कारण झाले असावेत, असें मानण्यास जागा आहे. साम्य उपयोगी आहे, तें समजुतीपुरतें घ्यावें.

(३) रूपें. हें विशेषण लॅटिनच्या पहिल्या व दुसऱ्या गणाप्रमाणें चालतें. म्हणजे पुल्लिंगी व नपुंसकलिंगी रूपें अकारान्तासारखीं व स्त्रीलिंगी रूपें आकारान्तासारखीं. पूर्वपद कोठेंच विकार पावत नसल्यामुळें खालीं फक्त उत्तरांश दिला आहे. लॅटिनमध्यें तृतीया, पंचमी व सप्तमी यांचें काम बहुधा एकच विभक्ति करिते. तिला येथें पंचमी म्हटलें आहे.

पुल्लिंग, एकवचन : प्रथमा मरीनुस्, संबोधन मरीने, द्वितीया मरीनुम्, षष्ठी मरीनी, चतुर्थी मरीनो, पंचमी मरीनो.
पुल्लिंग, अनेकवचन : प्रथमा मरीनी, द्वितीया मरीनोस्, षष्ठी मरीनोरुम्, चतुर्थी व पंचमी मरीनीस्.
स्त्रीलिंग, एकवचन : प्रथमा मरीना (अन्त्य स्वर ऱ्हस्व), द्वितीया मरीनम्, षष्ठी व चतुर्थी मरीनाए, पंचमी मरीना (अन्त्य स्वर दीर्घ).
स्त्रीलिंग, अनेकवचन : प्रथमा मरीनाए, द्वितीया मरीनास्, षष्ठी मरीनारुम्, चतुर्थी व पंचमी मरीनीस्.
नपुंसकलिंग : एकवचनीं प्रथमा व द्वितीया मरीनुम्, अनेकवचनीं मरीना, बाकीचीं रूपें पुल्लिंगाप्रमाणें.

या रूपावलीचें मर्म मराठी वाचकास जितकें सहज कळेल तितकें पोर्तुगीज वाचकासहि कळणार नाहीं. मराठींत 'समुद्रपारचा', 'समुद्रपारची', 'समुद्रपारचें' अशीं तीन लिंगें अद्याप जिवंत आहेत; पोर्तुगीज भाषेनें नपुंसकलिंग टाकिलें व विभक्तिप्रत्ययहि टाकिले, आणि 'उल्त्रामारिनु' व 'उल्त्रामारिना' एवढीं दोन रूपें व त्यांचीं अनेकवचनें ठेविलीं. म्हणून मंडळ (कोंसेल्यु) व पेढी (बांकु) हे शब्द त्या भाषेंत पुल्लिंगी असल्यामुळें त्यांच्यापुढें 'उल्त्रामारिनु' येतें, आणि प्रांत या अर्थाचा 'प्रोविंसिया' शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळें त्याच्यापुढें 'उल्त्रामारिना'. याद्या करतांना ज्यांनीं हीं रूपें दोन निराळे शब्द मानून लिहून ठेविलीं असतील त्यांनीं तीं एकाखालीं आणावींत.

आणखी एक गोष्ट नोंदण्याजोगी आहे. या विशेषणास तर-तमभाव नाहीं. 'अधिक उंच', 'सर्वांत उंच' म्हणतां येतें. 'अधिक समुद्रपारचा' म्हणतां येत नाहीं. मनुष्य या तीरावर असेल किंवा त्या तीरावर असेल. संबंधवाचक विशेषणांचा हा स्वभाव पुढील विवेचनांत कामीं येईल.

(४) हस्तलिखितांतील रूपें. वरील रूपावली शुद्ध ग्रांथिक आहे. मध्ययुगीन पोथ्यांत ती जशीच्या तशी मिळत नाहीं. त्या काळीं 'आए' या संयुक्त स्वराचा उच्चार 'ए' झालेला असून लेखकहि बहुधा 'ए'च लिहीत. त्यामुळें 'मरीनाए' हें रूप पोथींत 'मरीने' असें दिसतें. तें स्त्रीलिंगी षष्ठीचें आहे, चतुर्थीचें आहे, कीं अनेकवचनी प्रथमेचें, हें केवळ शब्दावरून ठरत नाहीं. पुल्लिंगी संबोधनहि तसेंच दिसतें. निर्णय करावयाचा तो जवळच्या नामावरून व क्रियापदावरून. मोडी कागदांत ऱ्हस्वदीर्घ पाळलेले नसतात व वाचणारा संदर्भानें शब्द बसवितो, तसाच हा प्रकार आहे.

दुसरी अडचण संक्षेपांची. 'उस्' या अक्षरांऐवजीं नऊच्या इंग्रजी आंकड्यासारखें एक चिन्ह, 'ओरुम्' ऐवजीं शेपटी छेदलेल्या र-काराचें चिन्ह, व अनुनासिकाऐवजीं स्वरावर आडवी रेघ, अशी पद्धति होती. रेघ पुसट झाली कीं द्वितीया नाहींशी होते.

तिसरी अडचण सर्वांत बिकट. तेराव्या-चौदाव्या शतकांतील गॉथिक वळणांत इ, न, उ, म हीं अक्षरें सारख्याच उभ्या काड्यांचीं असतात : इ एका काडीचा, न व उ दोन-दोन काड्यांचे, म तीन काड्यांचा. 'मरीनुम्' या रूपांत र-कारापुढें इ, न, उ, म हीं चार अक्षरें लागोपाठ येतात. म्हणजे एकसारख्या आठ काड्या एका रांगेंत उभ्या राहतात. त्या कशा तोडावयाच्या हें रूपावली पाठ असल्याशिवाय कळणें कठीण. विभक्तिज्ञान हें वाचनाचें साधन कसें होतें याचें यापेक्षां चांगलें उदाहरण आम्हांस सांपडत नाहीं.

शिवाय हें विशेषण पुष्कळदां विशेष्य गाळून येतें. अशा वेळीं लिंग व वचन हेंच गाळलेल्या नामाचें चिन्ह असतें. स्त्रीलिंगी अनेकवचन दिसल्यास 'पार्तेस्' म्हणजे 'प्रदेश' हें नाम बहुधा अध्याहृत असतें, पुल्लिंगी अनेकवचन दिसल्यास तेथील माणसें, आणि रंगाच्या कृतींत नपुंसकलिंगी एकवचन दिसल्यास 'आझूरियुम्' म्हणजे निळा रंग.

(५) पूर्वपीठिका. प्राचीन रोमन लेखकांचा या अर्थीं रूढ शब्द 'त्रान्स्मरीनुस्' हा होता. सीझरच्या गॉलवरील युद्धवृत्तांतांत रोमन प्रांतालगतच्या गॉल लोकांना परिचित असलेल्या समुद्रपारच्या वस्तूंचा उल्लेख याच विशेषणानें आला आहे. 'त्रान्स्' हें अव्यय संस्कृत 'तिरस्' याचें सगोत्र असून दोहोंच्या मुळाशीं 'तॄ', ओलांडणें, हाच धात्वर्थ आहे. 'उल्त्रा' याची जात निराळी. त्याच्याबरोबर 'सित्रा', म्हणजे अलीकडे, हा जोडीदार नेहमीं गृहीत असतो. रोमन लोकांनीं इ. स. पूर्वी १९७ या वर्षीं स्पेनचे दोन प्रांत केले, त्यांचीं नांवें 'अलीकडील' व 'पलीकडील' अशींच होतीं. 'त्रान्स्' म्हणतांना ओलांडण्याची क्रिया मनांत असते. 'उल्त्रा' म्हणतांना बोलणारा स्वतः अलीकडे उभा असतो.

'उल्त्रामरीनुस्' हा शब्द प्रचारांत आला तो मध्ययुगांत. इ. स. १०९९ मध्यें ख्रिस्ती फौजांनीं जेरुसलेम घेतलें, तेव्हांपासून १२९१ मध्यें आक्रा शहर पडेपर्यंत सीरिया-पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर त्यांचीं राज्यें होतीं. पश्चिम यूरोपांतील लेखांत त्या मुलखास 'समुद्रापलीकडील प्रदेश' म्हणूं लागले. फ्रेंच भाषेंत तर 'उत्रमेर' हें त्याचें विशेषनामच झालें. तेथें पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मुसलमानांस, यहुद्यांस व पौर्वात्य ख्रिस्त्यांस आपला देश समुद्रापलीकडे आहे असें वाटण्याचें कारण नव्हतें. शब्द पश्चिम तीरावरचा होता.

हाच प्रकार 'उल्त्रामोंतानुस्', म्हणजे 'पर्वतापलीकडील', या सख्ख्या भावंडाचा. बोलोन्याच्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांचे दोन संघ होते : 'सित्रामोंतानी' म्हणजे आल्प्सच्या अलीकडील व 'उल्त्रामोंतानी' म्हणजे पलीकडील. अर्थात् पलीकडील म्हणजे जर्मन, फ्रेंच वगैरे. पुढें तोच शब्द फ्रान्स व जर्मनींत गेला तेव्हां त्याचा रोख उलटला. पर्वतापलीकडे म्हणजे रोमला, पोपच्या सत्तेला, मानणारे ते 'उल्त्रामोंतान'. अक्षर बदललें नाहीं, प्रत्यय बदलला नाहीं. बोलणाऱ्याची जागा तेवढी बदलली. आपल्याकडे 'अटकेपार' हा शब्द असाच आहे. १७५८ सालीं मराठी फौजा अटकेपार गेल्या असें पुण्यास बसलेला मनुष्य म्हणेल. पेशावरच्या मनुष्यास अटकेपलीकडे म्हणजे हिंदुस्थान.

(६) रंगाचें नांव. पोथ्यांच्या संग्राहकांस या शब्दाचा आणखी एक उपयोग परिचित असेल. यूरोपांतील सचित्र पोथ्यांत जो अत्यंत मोलाचा निळा रंग दिसतो त्यास 'आझूरियुम् उल्त्रामरीनुम्' म्हणत. तो लाजवर्द या दगडापासून काढीत. हा दगड बदख्शानांत, कोकचा नदीच्या खोऱ्यांतील खाणींत मिळे व व्हेनिसच्या व्यापारामार्गें पश्चिमेस जाई. त्याच्याहून हलका निळा रंग यूरोपांतील ताम्रखनिजापासून निघे. त्यास 'सित्रामरीनुम्', म्हणजे समुद्राअलीकडील, असेंहि म्हणत. येथेंहि तीच जोडी. पंधराव्या शतकाच्या सुमारास इटालियन चित्रकार चेन्नीनी यानें आपल्या ग्रंथांत लाजवर्दाचा रंग काढण्याची कृति दिली आहे. दगडाची वस्त्रगाळ पूड राळ, मस्तकी गोंद व मेण यांच्या लगद्यांत मिसळून तो लगदा क्षारोदकांत मळावयाचा. निळे कण तेवढे पाण्यांत उतरतात व बाकीचा मळ लगद्यांत राहतो. पहिल्या मळणीचा रंग सर्वांत उत्तम.

आतां हाच दगड आपल्या बाजूनें पाहा. अजिंठ्याच्या भिंतींवरील निळ्या रंगांत लाजवर्द असल्याचें परीक्षणांत आढळलें आहे. बदख्शानांतून अजिंठ्यास येण्यास समुद्र ओलांडावाच लागतो असें नाहीं. डोंगर व नद्या मात्र ओलांडाव्या लागतात. अजिंठ्याच्या चित्रकारानें त्यास 'समुद्रपारचा' म्हटलें असतें तर तें चुकीचें ठरलें असतें. एकच दगड, एकच खाण. विशेषण खरें कीं खोटें हें घेणाऱ्याच्या तीरावर अवलंबून.

या रंगाची पुढील हकीकत संग्राहकांच्या प्रत्यक्ष उपयोगाची आहे. १८२४ सालीं पॅरिसच्या एका उद्योगोत्तेजक संस्थेनें कृत्रिम लाजवर्दी रंगास ६,००० फ्रँकांचें बक्षीस लाविलें व १८२८ सालीं तें गिमे यास मिळालें. त्याच सुमारास जर्मनींत ग्मेलिन यानेंहि ती कृति साधली. त्यानंतर हा रंग इतका स्वस्त झाला कीं धुण्याच्या निळींत तो मिळूं लागला. खाणींतल्या रंगाचे कण सूक्ष्मदर्शकाखालीं ओबडधोबड व लहानमोठे दिसतात व त्यांत पांढऱ्या चुनखडीचे अंश असतात. कृत्रिम रंगाचे कण बारीक, गोलसर व एकसारखे असतात. सोळाव्या-सतराव्या शतकांतली म्हणून दाखविलेल्या पोथीच्या चित्रांत कृत्रिम कण निघाल्यास, तें चित्र तरी मागाहूनचें असलें पाहिजे किंवा तेवढी जागा नंतर रंगविलेली असली पाहिजे. तेव्हां संग्राहकांनीं पोथीचा कागद व अक्षरवळण यांबरोबर निळ्या रंगाचेंहि परीक्षण करवावें. या गिमेच्या मुलानें, एमिल गिमे यानें, जें पौर्वात्य वस्तूंचें संग्रहालय स्थापिलें तें पॅरिसमध्यें आज त्याच्याच नांवानें प्रसिद्ध असून त्यांत भारतीय शिल्पेंहि आहेत.

(७) राज्यकारभारांतील शब्द. आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. पोर्तुगालच्या राजानें १६०४ सालीं हिंदुस्थानविषयक कामांसाठीं 'कोंसेल्यु द इंदिया' हें मंडळ नेमिलें होतें. तें १६१४ मध्यें मोडलें. स्पेनचें जूं झुगारून दिल्यावर चौथ्या जुआंव राजानें १६४२ सालीं नवें मंडळ स्थापिलें, तेंच 'कोंसेल्यु उल्त्रामारिनु'. पहिल्या मंडळाच्या नांवांत देशाचें नांव होतें. दुसऱ्याच्या नांवांत देश गेला व विशेषण आलें. हिंदुस्थान, ब्राझील, गिनी, केप व्हर्द बेटें इत्यादि सर्व मुलूख त्या एका विशेषणाखालीं आले. शिवकालापासून पेशवाईअखेरपर्यंत गोव्याच्या विजरईनें लिस्बनला लिहिलेले पुष्कळसे कागद या मंडळापुढें जात. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतली त्या वेळींहि हेंच मंडळ होतें. तें १८३३ पर्यंत चाललें. पुढें १८५१ सालीं त्याचें पुनरुज्जीवन झालें, तें १८६८ पर्यंत टिकलें.

या मंडळाच्या स्थापनेच्या नियमांत एक कलम फार बोलकें आहे. अझोर व मदैरा हीं बेटें त्याच्या अधिकारांतून वगळलीं होतीं. अझोर बेटें लिस्बनपासून सुमारें दीड हजार किलोमीटर दूर, भर समुद्रांत आहेत. शब्दार्थानें पाहिलें तर त्यांच्याइतकें 'समुद्रापलीकडील' दुसरें काय असणार? पण त्यांस 'उल्त्रामारिनु' न म्हणतां पुढें 'लगतचीं बेटें' म्हणत. यावरून सतराव्या शतकांत हें विशेषण भूगोलाचें राहिलें नसून सत्तेच्या स्वरूपाचें झालें होतें असें आमचें मत आहे. जें आपलें घर तें कितीहि दूर असलें तरी 'लगतचें'. जें जिंकलेलें वा वसविलेलें, तें 'पलीकडील'.

आपल्या बाजूनें याच संबंधाचा शब्द पाहावा. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या 'आज्ञापत्रां'त फिरंगी, इंग्रज, वलंदेज इत्यादिकांस 'टोपीकर' म्हटलें आहे. आम्हांस त्यांची टोपी दिसली, त्यांना आमचा समुद्र दिसला. दोन्ही शब्द पाहणाऱ्याच्या डोळ्यांतून निघालेले आहेत, परंतु एकामागें मुलखाचा हक्क उभा आहे व दुसऱ्यामागें तो नाहीं.

(८) विशेषणाचें राजकारण. १८३८ च्या पोर्तुगीज राज्यघटनेंत या मुलखांना 'प्रोविंसियश उल्त्रामारिनश', म्हणजे समुद्रपारचे प्रांत, म्हटलें आहे. १८६४ सालीं लिस्बनांत 'बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु' निघाली व १८६८ सालीं तिची शाखा गोव्यांत आली. प्रजासत्ताक झाल्यावर १९११ सालीं निराळें वसाहतखातें स्थापन झालें. १९३० च्या वसाहत-कायद्यानें 'वसाहत' हें नांव उघडपणें स्वीकारलें. आणि १९३१ सालीं लिस्बनांत या मुलखांचें दफ्तर एकत्र करण्यांत आलें त्याचें नांव 'आर्किवु इश्तोरिकु कोलोनियाल' असें ठेविलें.

पुढें वारें बदललें. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेंत परतंत्र मुलखांविषयीं ७३ वें कलम आलें. १९५० च्या फेब्रुवारींत भारत सरकारनें गोव्याविषयीं पोर्तुगालशीं बोलणें लाविलें. १९५१ सालीं पोर्तुगालनें घटना दुरुस्त करून 'वसाहत' हा शब्द काढिला व 'समुद्रपारचा प्रांत' हा जुना शब्द परत आणिला. वसाहतखातें 'उल्त्रामार'-खातें झालें आणि त्याच वर्षीं 'कोलोनियाल' दफ्तर 'उल्त्रामारिनु' झालें. तेव्हां १९५१ पूर्वींच्या ग्रंथांतील टीपांत एक नांव व नंतरच्या टीपांत दुसरें नांव दिसल्यास, दोन निराळीं दफ्तरें समजून गोंधळूं नये. १९५५ सालीं पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचें सभासद झालें तेव्हां आमच्याकडे वसाहती नाहींत, प्रांत आहेत, असें त्याचें उत्तर होतें. डिसेंबर १९६० मध्यें राष्ट्रसभेनें १५४२ क्रमांकाचा ठराव करून तें उत्तर अमान्य केलें. त्या ठरावांतील मुलखांच्या यादींत गोवा व त्याचे जोडमुलूख आहेत. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झालें व वादाचें कारण संपलें.

या वादांत व्याकरणानें काय साक्ष दिली असती? नाम बदललें होतें, 'वसाहत' जाऊन 'प्रांत' आला होता. विशेषणानें मात्र मूळ गोष्ट लपविली नाहीं. विशेषण नामाच्या लिंगवचनाप्रमाणें वांकतें, पण आपला धात्वर्थ सोडीत नाहीं. 'उल्त्रा' हें अव्यय 'सित्रा' गृहीत धरतें. लिस्बनजवळच्या प्रांतास कोणी 'समुद्राअलीकडील प्रांत' म्हणत नसे. तशी गरजच नव्हती. ज्या प्रांताची ओळख देतांना मध्यें समुद्र घालावा लागतो तो प्रांत घरचा नाहीं, हें त्या शब्दाच्या घडणींतच लिहिलेलें आहे.

(९) उपसंहार. वरील विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष थोडक्यांत असा. हें विशेषण कागदांत आढळल्यास प्रथम त्याचें लिंग, वचन व, लेख लॅटिन असल्यास, विभक्ति नोंदावी. गाळलेलें नाम त्यावरून भरावें. आणि मग लेख कोणत्या तीरावर लिहिला गेला हें ठरवून भाषांतर करावें. गोव्याच्या दफ्तरखान्यांत 'मोन्सोंइश' म्हणजे मोसमी टपालाच्या बांडांत लिस्बनहून आलेलीं पत्रें व त्यांस गेलेलीं उत्तरें एकाच बासनांत आहेत. गलबतें पावसाळी वाऱ्यांवर येत व जात, त्यामुळें प्रश्न व उत्तर यांत वर्ष-दीड वर्षाचें अंतर सहज पडे. अशा बासनांत 'पलीकडील' हा शब्द एका पानावर एका दिशेस व दुसऱ्या पानावर दुसऱ्या दिशेस बोट दाखवीत असण्याचा संभव नेहमीं असतो. पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं गोव्याच्या राज्यमंडळाचे ठराव १९५३ ते १९५७ या वर्षांत पांच खंडांत प्रसिद्ध करून या कामाचा मोठा पाया घातला आहे. त्यांतील निर्णय गोव्यांत बसून केलेले आहेत व लिस्बनच्या मंडळाचे अभिप्राय तेथें बसून लिहिलेले आहेत, हा भेद भाषांतरकारानें दृष्टीआड करूं नये.

ज्यांच्या संग्रहीं पोर्तुगीज वा लॅटिन कागद असतील त्यांनीं यादी करतांना कोशांतील अर्थाबरोबर शब्दाचें प्रत्यक्ष रूपहि टिपून ठेवावें, एवढी विनंति आहे. अर्थ मागाहून कोणीहि लावील. पुसट झालेला प्रत्यय मात्र आज वाचून ठेविला नाहीं तर पुढें वाचतां येणार नाहीं. आणि 'समुद्रापलीकडील' असें भाषांतर करतांना एकदां मांडवीच्या तीरावर उभें राहून पाहावें. तेथून पलीकडे दिसतें तें लिस्बन होय.